धुण्याचं पाणी जिवाणूंच्या हवाली: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी परसातला वाफा

धुण्याभांड्याचं पाणी परसात सोडलं की पुढं त्याचं काय होतं, हे जमीन ठरवते. खानापूरकडच्या जांभ्यात ते फटीफटीतून खाली उतरतं आणि काही महिन्यांत शेजारच्या आडाच्या पाण्यावर फेस दिसायला लागतो. अथणी-रायबागच्या काळ्या रानात तेच पाणी वर साचून राहतं, जमीन चिवट होते आणि दोन-तीन वर्षांत तिथं गवतही धड उगवत नाही. साबण, पावडर, शाम्पू यांतली बहुतेक फेसाळ द्रव्यं जिवाणू खाऊ शकतात, हे खरं आहे. पण त्यांना हवा, बसायला जागा आणि पुरेसा वेळ मिळाला तरच. परसात या तिन्ही गोष्टी कशा पुरवायच्या, ते इथं सविस्तर दिलं आहे. जिवाणू विकत आणायची गरज नाही. मोरीच्या तोंडाशी काळवंडलेल्या मातीत ते आधीपासून आहेत.

रेणू कुठून तुटतो

फेस करणाऱ्या द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूला पाण्याची ओढ असलेलं डोकं असतं आणि तेलाची ओढ असलेली लांब शेपटी. साध्या साबणात ही शेपटी म्हणजे थेट मेदाम्लच. कृत्रिम सर्फॅक्टंटमध्येही बऱ्याचदा खोबरेल, पामतेल किंवा पामगराच्या तेलातलं मेदाम्ल घेतात आणि त्याला कारखान्यात वेगळं डोकं जोडतात. खोबरेल आणि पामगराच्या तेलातून प्रामुख्यानं १२ ते १४ कार्बनची शेपटी मिळते, पामतेलातून १६ ते १८ कार्बनची.

जिवाणूंच्या दृष्टीनं शेपटी म्हणजे अन्न आणि डोकं म्हणजे अडथळा. शेपटी खायची पद्धत आपल्या शरीरात तूप-तेल पचतं तीच. टोकाकडून दर फेरीला दोन कार्बनचा एक तुकडा काढायचा आणि तो पेशीच्या भट्टीत जाळायचा. १६ कार्बनचं पामिटिक आम्ल असेल तर ७ फेऱ्या होतात आणि ८ तुकडे पडतात. शेवटी कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी उरतं, थोडा भाग जिवाणूंच्या अंगी लागतो. साबण इतक्या सहज संपतो तो म्हणूनच.

कृत्रिम द्रव्यात प्रश्न असतो तो डोकं आणि शेपटी यांच्यामधल्या जोडाचा. शाम्पू आणि टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट घ्या. त्याचा जोड ऑक्सिजनमधून गेलेला असतो. स्युडोमोनास जातीच्या जिवाणूंकडं सल्फेटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते हा जोड पाण्याच्या साहाय्यानं कापतं. सल्फेट सुटून पाण्यात जातं आणि मागं उरतो १२ कार्बनचा अल्कोहोल. त्याचं आधी अल्डिहाइड होतं, मग लॉरिक आम्ल, आणि तिथून पुन्हा तीच दोन-दोन कार्बनची कापणी. पहिला घाव बसताक्षणी फेस जातो, कारण डोकं आणि शेपटी वेगळी झाली की तो रेणू सर्फॅक्टंट राहतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. फेस गेला म्हणजे काम संपलं असं नव्हे, फक्त पहिला घाव बसला.

लॉरेथ सल्फेटमध्ये मधे दोन-तीन इथॉक्सी कड्या असतात. त्या तोडायला एक पायरी जास्त लागते, पण तेही चांगलं कुजतं. अंगाच्या काही वड्यांमधलं कोकोइल आयसेथिओनेट आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रावणातलं एस्टरक्वॅट, यांचा जोड एस्टरचा असतो. तो तर पाण्यात आपणहूनही हळूहळू सैल पडतो. कोकामिडोप्रोपिल बिटेनचा जोड अमाइडचा, त्यालाही कापणारी विकरं मातीतल्या अनेक जिवाणूंकडं असतात.

सल्फोनेटचं तसं नाही. तिथं गंधक थेट कार्बनला चिकटलेलं असतं, मधे ऑक्सिजन नाही, आणि हा जोड पाण्यानं कापता येत नाही. पामतेलापासून केलेलं मिथाइल एस्टर सल्फोनेट आणि पेट्रोलियमपासून केलेलं लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट ही दोन्ही याच घरातली. आपल्याकडच्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत आणि निळ्या-हिरव्या वड्यांत हे दुसरं असतं. अशा रेणूला जिवाणू उलट बाजूनं भिडतात. डोक्यापासून लांबच्या टोकाला ऑक्सिजन जोडून आधी त्याचं आम्ल करतात आणि तिकडून शेपटी खात येतात. पार्विबॅक्युलम लॅव्हामेंटिव्होरन्स हा जिवाणू बेंझीन सल्फोनेटची शेपटी फस्त करतो, पण बेंझीनचं कडं त्याला फोडता येत नाही. ते काम कोमामोनाससारखे दुसरे जिवाणू करतात. म्हणजे एकट्यादुकट्या जातीचं हे काम नाही, वस्ती लागते. बाजारातल्या एका जातीच्या ‘कल्चर’च्या पुडीवर आमचा भरवसा नाही तो याचमुळं.

शेपटीला फाटे असतील तर कापणी अडते. १९५० च्या दशकात अशाच फाटे फुटलेल्या शेपटीच्या डिटर्जंटमुळं युरोप-अमेरिकेत नद्यांवर आणि मैलापाण्याच्या टाक्यांवर फेसाचे थर चढले होते. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या उद्योगानं सरळ शेपटी स्वीकारली. आजच्या लेबलावरचा ‘लिनिअर’ हा शब्द तिथून आला आहे.

खरी टंचाई ऑक्सिजनची

एक ग्रॅम सोडियम लॉरिल सल्फेट पूर्ण जाळायला दोन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लॉरिक साबणाला जवळजवळ अडीच ग्रॅम. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथं २५ अंश तापमानाला एका लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे त्या एका ग्रॅमसाठी २६५ लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडेल. पाच माणसांच्या घरात पावडर, वडी, भांड्याचा साबण मिळून रोज ३० ते ४० ग्रॅम सर्फॅक्टंट सहज जातो. साचलेलं डबकं किंवा बंद शोषखड्डा एवढा ऑक्सिजन कुठून देणार?

ऑक्सिजन संपला की दुसरेच जिवाणू ताबा घेतात. पावडरीत भर म्हणून घातलेलं सोडियम सल्फेट आणि लॉरिल सल्फेटमधून सुटलेलं सल्फेट, दोन्हींतला ऑक्सिजन ते ओढून घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मोरीच्या खड्ड्याला येणारा सडक्या अंड्याचा वास आणि काळा गाळ यातूनच होतो. साबण आणि लॉरिल सल्फेट हवेविनाही हळूहळू कुजतात. सल्फोनेट मात्र तिथं जवळपास जसंच्या तसं राहतं. म्हणून सेप्टिक टँकमध्ये धुण्याचं पाणी सोडणं हा उपाय होत नाही.

गोबर गॅसच्या हौदातही साबणाचं पाणी सोडू नका. लांब शेपटीची मेदाम्लं मिथेन करणाऱ्या जिवाणूंच्या अंगावर बसतात आणि गॅस कमी होतो. बऱ्याच घरांत ‘थंडीमुळं गॅस येईना’ म्हणतात, तिथं आधी मोरीची नळी कुठं जोडली आहे ते पाहावं.

आधी बाटलीत पाहा

वाफा करण्याआधी आपल्या घरच्या पावडरीची आणि आपल्या मातीची परीक्षा घेता येते. तीन आठवडे लागतात, खर्च काहीच नाही.

मोरीच्या तोंडाची काळपट ओली माती दोन मुठी घ्या, एक लिटर पाण्यात ढवळा, तासभर निवळू द्या आणि वरचं पाणी सुती फडक्यातून गाळा. हे झालं विरजण. शहरातल्या नळाचं, म्हणजे राकसकोप किंवा हिडकलहून येणारं पाणी वापरणार असाल तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, नाहीतर क्लोरीन विरजणालाच मारेल. मग एक ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. एक ग्रॅम मोजायला सोनाराचा काटा नको, १० ग्रॅम पावडर १० लिटरच्या बादलीत टाकली तरी तेच प्रमाण.

रुंद तोंडाच्या काचेच्या तीन बरण्या घ्या. पहिलीत ८५० मिली पाणी, ५० मिली पावडरीचं द्रावण आणि १०० मिली विरजण. दुसरीत तेच, पण विरजण आधी प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटं शिजवून गार केलेलं. नुसत्या उकळीवर भागत नाही, मातीतल्या बॅसिलसचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. तिसरीत पावडर नाही, नुसतं ९०० मिली पाणी आणि १०० मिली कच्चं विरजण. बरण्यांवर फडकी बांधा, सावलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या स्वच्छ काडीनं मिनिटभर ढवळा. एकच काडी तिन्हीत फिरवली तर दुसऱ्या बरणीत जिवंत जिवाणू जातात आणि परीक्षा वाया जाते.

रोज ठरल्या वेळी प्रत्येक बरणीतलं पाणी तिच्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या, पण सारख्याच मापाच्या सरळ, अरुंद बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, २० वेळा हलवा, एक मिनिट थांबा आणि फेसाची उंची पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. मग पाणी परत ज्याच्या त्याच्या बरणीत ओता आणि बाटल्या नुसत्या पाण्यानं तीनदा विसळा. बाटल्यांना साबण लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

पहिले दोन-चार दिवस पहिल्या आणि दुसऱ्या बरणीत फरक दिसत नाही. जिवाणू विकरं तयार करत असतात. मग पहिल्या बरणीतला फेस झपाट्यानं उतरतो आणि तिसऱ्या बरणीइतका होतो. दुसरीतला टिकून राहतो. दोन्हींतला फेस पहिल्याच दिवशी बसला, तर ते श्रेय जिवाणूंचं नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं साबणाचा फेस मारला आहे. असं झालं तर पावसाचं साठवलेलं पाणी घेऊन पुन्हा करा. तीन आठवड्यांनंतरही पहिली बरणी फेसाळत असेल तर त्या पावडरीत किंवा त्या मातीत खोट आहे. तीच पावडर शेतातल्या शेणखताच्या मातीचं विरजण घेऊन तपासली की दोष कोणाचा ते कळतं.

या परीक्षेत फक्त पहिला घाव मोजला जातो. प्रयोगशाळेत याच्या पुढचं पाहतात. २८ दिवसांत लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी किंवा सुटणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी निदान ६० टक्के भरला, तर ते द्रव्य सहज कुजणारं मानण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. उरलेला वाटा जिवाणूंच्या पेशी बनवण्यात गेलेला असतो, म्हणून १०० टक्क्यांची अपेक्षा ठेवत नाहीत.

वाफ्याचं माप

पाच माणसं, माणशी रोज ५५ लिटर पाणी, त्यातलं न्हाणी, धुणं आणि भांडी मिळून साधारण २०० लिटर बाहेर पडतं, असं धरलं आहे. संडासाचं पाणी यात येता कामा नये. एवढ्या पाण्याला ५ चौरस मीटरचा वाफा लागतो: २.५ मीटर लांब, २ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल. पाणी वरून ओतायचं, वाळूतून खाली झिरपवायचं आणि तळातून लगेच बाहेर काढायचं. पाणी उतरताना आपल्यामागं हवा ओढून घेतं. अशा निचऱ्याच्या वाफ्यात चौरस मीटरमागं रोज २० ते ३० ग्रॅम ऑक्सिजन उतरतो असं धरून मापं काढतात. पाणी भरून ठेवलेल्या वाफ्यात याच्या कितीतरी कमी.

जागा आडापासून किंवा बोअरपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवी. जांभ्यात तर जास्त लांब ठेवा, कारण चिऱ्यातल्या भोकांतून पाणी कुठं जाईल याचा नेम नसतो. तिथं तळाला कागद हवाच हवा. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद ५ मीटर बाय साडेचार मीटर आणला की कडेला ३० सेंटिमीटर दुमडायला पुरतो. खड्ड्यात टोकदार खडे असतात, म्हणून कागदाखाली ५ सेंटिमीटर मऊ माती किंवा जुनी पोती पसरा. काळ्या मातीतही कागद घाला. उन्हाळ्यात भेगा पडल्या की ती मातीही गळते.

तळाला लांबीच्या दिशेनं तीन इंची पीव्हीसी पाइप टाका, दर १० सेंटिमीटरला ८ मिलिमीटरची भोकं पाडून. उतार अडीच सेंटिमीटर पुरे. पाइपचं खालचं टोक कागदातून बाहेर काढा, तिथं रबराची कडी आणि क्लॅम्प घट्ट बसवा. दुसरं टोक एल्बो लावून सरळ वर, वाफ्याच्या वर एक फूट येईल असं उघडं ठेवा आणि तोंडाला डासांची जाळी बांधा. हा वाफ्याचा श्वास आहे. बरेच गवंडी तो ‘कशाला लागतोय’ म्हणून बुजवतात आणि वाफा खालून सडतो.

पाइपवर १५ सेंटिमीटर जाड खडी, २० ते ४० मिलिमीटरची. तिच्यावर ५ सेंटिमीटर १० मिलिमीटरची बारीक खडी, म्हणजे वाळू खाली घसरत नाही. मग ४५ सेंटिमीटर भरड वाळू, एक ते चार मिलिमीटर दाण्याची. सर्वांत वर १० सेंटिमीटर पुन्हा खडी. हिशेब केला तर वाळू पाऊण ब्रासपेक्षा थोडी जास्त आणि खडी सगळी मिळून अर्ध्या ब्रासच्या वर लागते.

वाळूवर सगळं अवलंबून आहे, म्हणून तिथं घाई करू नये. आता बहुतेक ठिकाणी एम-सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मिळते आणि तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते. बांधकामाला ती चालते, वाफ्याला चालत नाही. एक लिटरची बाटली अर्धी वाळूनं भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वाळूवर भुकटीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय टाकू नका. चाळून मोठा दाणा घ्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. न धुतलेल्या वाळूचा वाफा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो, आणि मग सगळं उपसण्याशिवाय इलाज नसतो.

वाफ्याचे मधोमध शहाबादी फरशी उभी करून दोन भाग करा. एका आठवड्याला एका भागात पाणी, दुसरा कोरडा. विश्रांतीत जिवाणूंचा चिकट थर वाळतो, स्वतःलाच खातो आणि वाळूतली भोकं मोकळी होतात.

आधी कुंडी, मग ड्रम

स्वयंपाकघराचं तेलकट पाणी थेट वाळूवर नको. १०० लिटरची दोन कप्प्यांची कुंडी बांधा. मधल्या भिंतीतून पाणी खाली वाकवलेल्या एल्बोनं पुढं जाऊ द्या, म्हणजे वरची साय मागं राहते. रायबाग-अथणीकडच्या जड पाण्यात साबणाचं कॅल्शियम मीठ होऊन पांढरट, चिकट साय येते. ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं जिवाणूंना तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा ती काढून कोरड्या पाल्यात मिसळून खतखड्ड्यात टाका. कुंडी यापेक्षा मोठी करू नका. पाणी दिवसभराहून जास्त थांबलं की तिथंच सडायला लागतं.

कुंडीतून पाणी ५० लिटरच्या ड्रममध्ये येतं. ड्रम वाफ्यापेक्षा फूटभर उंच, बुडाला दीड इंची बॉल व्हॉल्व्ह. भरला की एकदम सोडायचा, दिवसातून चारदा. धार थेंबथेंब सोडली तर पाणी एकाच जागी जिरतं आणि बाकीची वाळू उपाशी राहते. ड्रमपासून वाफ्याच्या दोन्ही भागांत दीड इंची पाइप न्या, दर ३० सेंटिमीटरला ८ मिलिमीटरचं भोक, तोंड खाली. प्रत्येक भागाच्या पाइपला आपला व्हॉल्व्ह.

सपाट जागेत मोरीपासून तळापर्यंत एवढा उतार मिळत नाही. तिथं वाफा अर्धा जमिनीवर चिऱ्याच्या भिंतीत उचलून घ्या आणि ड्रममध्ये पाणी लहान पंपानं चढवा. उतार नाही म्हणून तळाचं पाणी तुंबवून ठेवू नका, त्यानं सगळाच हेतू फसतो.

लावायला कर्दळ सर्वांत भरवशाची, चौरस मीटरला चार कंद. वाळाही चांगला. केळ या वाफ्यात नको, तिची मुळं पाइपात शिरतात. झाडांचं मुख्य काम मुळांनी वाळू हलती ठेवणं. सर्फॅक्टंट खाणारे जिवाणूच.

विरजण लावणं

मोरीच्या मातीचं गाळलेलं विरजण १० लिटर करून वाळूवर शिंपडा. पहिले दोन आठवडे रोजच्या पाण्याचा तिसरा हिस्साच वाफ्यात सोडा, उरलेलं जुन्या वाटेनं. तिसऱ्या आठवड्यात निम्मं, पुढं सगळं. जिवाणूंना १०० भाग ऑक्सिजनच्या मागणीमागं ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागतं. धुण्याच्या पाण्यात नत्र कमी असतं. म्हणून सुरुवातीचा महिनाभर ड्रममध्ये आठवड्यातून दोनदा अर्धा लिटर गोमूत्र किंवा चमचाभर युरिया टाका. भांड्यांचं खरकटं येत असेल तर नंतर याची गरज पडत नाही.

वाळूच्या कणांवर बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी थर यायला तीन-चार आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत सुरू केलं तर सहा धरा, कारण तापमान १० अंशांनी उतरलं की जिवाणूंचा वेग साधारण निम्मा होतो. शक्यतो फेब्रुवारीत सुरू करा, म्हणजे पावसाआधी वस्ती पक्की बसते.

पावडर भिजवलेल्या बादलीतलं पाणी दाट असतं, पीएच १० च्या वर. अशा दाट द्रावणात सर्फॅक्टंट जिवाणूंचं कवचच विरघळवतं. लॉरिल सल्फेट लिटरला दोन-सव्वादोन ग्रॅमच्या पुढं गेलं की त्याचे रेणू झुपके करून राहतात, आणि त्याच्या बऱ्याच आधी जिवाणूंना त्रास सुरू होतो. म्हणून पहिलं दाट पाणी आणि खळबळलेलं पातळ पाणी कुंडीत एकत्र होऊ द्या. लग्नघरात किंवा सणाच्या आधी चादरी-गोधड्यांचं धुणं निघतं, ते दोन-तीन दिवसांत विभागलं तर बरं.

फिनेल, ब्लीचिंग पावडर, मोरीचं ॲसिड या वाफ्यात एकदाही जाऊ देऊ नका. एका सकाळच्या ब्लीचिंगनं महिनाभराची वस्ती मरते. तसं झालंच तर वाफ्याला तीन दिवस नुसतं साधं पाणी द्या आणि विरजण पुन्हा लावा.

बिघाड कसा ओळखावा

पाणी वर साचून राहत असेल आणि अर्ध्या तासात उतरत नसेल, तर तो भाग १०-१५ दिवस कोरडा ठेवा. तरीही उतरलं नाही तर वरची खडी बाजूला करून वाळूचा वरचा ५ सेंटिमीटरचा थर काढा, बहुधा तेवढ्यातच साय अडकलेली असते. सडका वास आला की आधी हवेचा पाइप पाहा, मग खालचं तोंड गाळानं बुजलं आहे का ते. वास कुंडीतूनच येत असेल तर ती उपसायची राहिली आहे.

वास नाही, पाणी स्वच्छ, पण बाहेर पडताना फेस येतो, असं असेल तर पाणी वाळूत पसरत नाही. कडेच्या कागदाला धरून सरळ खाली पळतं आहे. बादलीभर पाण्यात हळद कालवून ओता. दोन मिनिटांत खाली पिवळं आलं तर वाट सापडलीच. कडेची वाळू काठीनं ठासून घ्या आणि पाइपची कडेजवळची भोकं बुजवा. थंडीत थोडा फेस वाढतो, त्याची चिंता नको.

आडाच्या पाण्याबद्दल शंका असेल तर प्रयोगशाळेत ‘एमबीएएस’ चाचणी मागा. तिथं मेथिलीन ब्लू रंगानं ऋणभारी डिटर्जंट मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत.

जे जिवाणू खात नाहीत

सोडियम कोणीच खात नाही. समजा रोज १०० ग्रॅम पावडर लागते आणि तिच्यात ३० टक्के धुण्याचा सोडा आहे. त्या सोड्यातूनच रोज १३ ग्रॅम सोडियम येतं, वर्षाला पावणेपाच किलो. वाफ्यातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं. काळ्या जमिनीत एकाच जागी साठलं की मातीचे कण सुटे होतात, भोकं बुजतात आणि पाणी मुरत नाही. उसाच्या पट्ट्यात आधीच खारवट झालेल्या जमिनी कमी नाहीत, त्यात परसाची भर नको.

वाफ्यातून निघालेलं पाणी निदान ३० चौरस मीटरवर फिरवून द्या. केळी, नारळ, फुलझाडं, गजगवत चालेल. कच्ची खायची भाजी, मेथी-कोथिंबीर यांना नको. दरवर्षी मे अखेरीस त्या जागेत चौरस मीटरला अर्धा किलो जिप्सम टाकून वरवर मिसळा. पावसानं कॅल्शियम आत जातं, सोडियम सुटतं आणि पाण्याबरोबर खाली निघून जातं. मात्र निचरा नसेल तर जिप्समचा काही उपयोग नाही, आधी चर काढा. जांभ्याच्या उताराच्या जमिनीत खानापूरचा पाऊस हे काम फुकट करतो. पावडर निवडताना सोडा कमी असलेलं द्रवरूप डिटर्जंट घेतलं तर सोडियम मुळातच घटतं.

पावसाळ्यात वाफ्याभोवती वीतभर उंच बांध घाला, म्हणजे अंगणातलं वाहतं पाणी आणि गाळ आत येत नाही. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पडणारा पाऊस थेट वाफ्यावर पडला तरी वाळूला इजा नाही, फक्त जिवाणूंचं अन्न पातळ होतं. तिथं जून ते सप्टेंबर वर पत्र्याचा किंवा झावळ्यांचा तिरका आडोसा करा, चारही बाजू मोकळ्या ठेवून. खालचं तोंड पुराच्या पातळीच्या वर आहे ना, हे मृग लागायच्या आधी एकदा पाहून घ्या. ते बुडलं तर पाणी उलटं वाफ्यात भरतं, आणि मग सप्टेंबरात पाणी ओसरल्यावर विरजणापासून सुरुवात करावी लागते.